पट्टा किती लांब घ्यावा

गुरुजी, परवा तुमच्या लेकीचा फोन आला होता. अजून तिथेच आहे ती, वर पहाडात, ज्या दवाखान्यात दोन वर्षांसाठी म्हणून गेली होती तिथेच. दवाखाना आता तरुण डॉक्टरांच्या हवाली केलाय, ती नुसती उन्हात खुर्ची टाकून बसते, तरी म्हातारी माणसं नाडी दाखवायला तिच्याचकडे येतात म्हणे. बोलता बोलता म्हणाली, दादा, आपली ती बर्फावरची गाडी शेवटी मोडीत काढली. वरच्या गावांपर्यंत आता सडक झालीय, बर्फ बाजूला ढकलणारी मोठी यंत्रं येतात, गाडीचं काम उरलं नाही. मग तिनं मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं, जरासुद्धा न थांबता दिलं, आणि तेव्हापासून ते उत्तर घशात भाताच्या तुसासारखं अडकून बसलंय. तिला सांगण्यासारखं ते नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

दुपारची वेळ आहे. हैदराबादेतल्या तारनाक्याच्या या तिसऱ्या मजल्यावर दुपारी माझ्याशिवाय कुणी नसतं. मुलगा आणि सून कामावर, नातू शाळेत. खाली विद्यापीठाच्या बाजूची झाडं दिसतात, त्यातली निम्मी तोडली, उरलेल्या निम्म्यांवर मी दिवस काढतो. घरात मराठी वाचणारा मी एकटाच. नातू अक्षर लावून लावून वाचतो आणि 'क्ष' आला की थांबून माझ्याकडे असं बघतो, जसा काही मीच तो वाटेत आडवा टाकलाय. तेव्हा हे पत्र उघडं ठेवलं तरी झाकलेलंच आहे. निवांत लिहीन म्हणतो. हल्ली हातही लवकर दुखतो, मधे मधे थांबावं लागतं, पण कुठे थांबायचं ते तुम्हीच शिकवलंत.

तो वर्ग मला अजून दिसतो. लांबट, कौलारू, दुपारी भट्टीसारखा तापलेला. त्या उकाड्यात तुम्ही आम्हाला हिमालयाच्या कविता शिकवत होता. आम्ही बर्फ पाहिला होता तो हातगाडीवरच्या लादीचा, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, आणि तुम्ही म्हणत होता, पांढरं, मऊ, निःशब्द. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं होतं, कापूस असेल. मंदाक्रांता शिकवायची झाली की तुम्ही खडू खाली ठेवायचात आणि टेबलापासून खिडकीपर्यंत चालून दाखवायचात. चार अक्षरं चालून थांबायचं, सहा चालून थांबायचं, मग सात अक्षरांत खिडकी गाठायची. एकदा मी उठून सगळी ओळ एका दमात म्हणून टाकली. मुलं हसली, तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "ओळ लांब आहे म्हणून पळत सुटायचं नसतं. ती लांब का आहे, हे विचारलंस का तिला? कवीला हौस आली म्हणून ओळ लांब होत नाही. वाहून काय न्यायचंय, त्यावर तिची लांबी ठरते." आणि शाळा सुटेपर्यंत मला टेबल ते खिडकी चालायला लावलंत. आई घरी म्हणाली, पायाला काय झालं? मी म्हणालो, वृत्त झालं.

पुढे मी काही कवी झालो नाही. कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो होतो तेव्हा तुम्हीच हाताला धरून कोठीच्या बाजारातल्या शेठच्या दुकानात नेलंत. पट्ट्यांचं दुकान. पिठाच्या गिरणीचे, भाताच्या गिरणीचे, तेलघाण्याचे, रबराचे आणि कॅनव्हासचे पट्टे छतापासून टांगलेले, आत शिरलं की रबराचा वास डोक्यात बसायचा तो रविवारीही उतरत नसे. शेठ घरी मारवाडी बोलायचा, दुकानात दखनी, आणि रागावला की तेलुगू. माझ्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार होता आणि कुठल्या यंत्राला कुठला पट्टा बसेल ते बघायचं काम होतं. मधूनच मी एखादी ओळ पुटपुटायचो म्हणून तो मला मास्टर म्हणायचा. खरे मास्तर तुम्ही, हे त्याला ठाऊक होतं, पण तुम्हाला तो 'बडे मास्टर' म्हणून मोकळा झाला होता.

मग ती वर्षं आली. परदेशातून काही मागवायचं म्हणजे परवाना, आणि परवाना म्हणजे दिल्लीच्या खेपा, हे सगळं एकाएकी सैल झालं. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उगवले. शेजारपाजारची पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली आणि तिथून सरळ विमानतळावर. आमच्या दुकानात टपालानं गुळगुळीत कागदाचे रंगीत कॅटलॉग यायला लागले, आणि शेठला वाटायला लागलं की जगात जे जे गोल फिरतं ते ते आपण विकू शकू. त्यातच एक दिवस पट्टे बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचा कॅटलॉग आला. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा दातेरी रुंद पट्टा, वर मोटारसायकलसारखी बैठक, आणि ती वस्तू शुभ्र डोंगर चढतेय. शेठ म्हणाला, "मास्टर, ये देखो, बरफ की बंडी. यां कौन लेता जी? मई में तो आदमीच पिघल जाता."

रविवारी सकाळी तुम्हाला घेऊन काचीगुड्याच्या स्टेशनाजवळच्या बूथवर लेकीला फोन करायला जायचं, हा आपला नेम होता. तुम्हाला ऐकू कमी येत होतं, म्हणून आधी मी बोलायचो, मग तुम्ही. त्या रविवारी गंमत म्हणून मी तिला बर्फाच्या बंडीची, म्हणजे त्या गाडीची, गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "दादा, त्या गाडीला पट्टा किती लांबीचा असतो रे?" तिच्या दवाखान्याला एक धर्मादाय संस्था तशीच गाडी देणार होती. कुठली हवी ते दवाखान्यानंच कळवायचं होतं, आणि तिथे कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तूच बघून कळव म्हणाली. पट्टा तीन लांबीचा मिळतो, एवढंच तिला सांगितलं गेलं होतं. ती म्हणाली, इथे बर्फ दोन तऱ्हेचा आहे. दवाखान्यापासून खाली बाजारापर्यंतचा रस्ता माणसं आणि खेचरं तुडवून तुडवून घट्ट करतात, तिथे काहीही चालेल. पण ओढ्याच्या वर जी गावं आहेत, तिथला बर्फ ताजा, भुसभुशीत, कमरेएवढा. तिथून आजारी माणूस पाठीवरच्या टोपलीत बसवून आणतात. गेल्या हिवाळ्यात एक बाळंतीण तशी आणताना वाटेतच गेली.

मी तुमच्या हातात फोन दिला. तुम्ही विचारलंत, खाली कधी येतेस? दर रविवारी तेच विचारायचात. ती म्हणाली असेल, बर्फ वितळू दे बाबा, कारण तुम्ही 'बरं' म्हणून फोन खाली ठेवलात. तिची दोन वर्षं केव्हाच संपून गेली होती. तुमच्या त्या दोन खोल्यांत तिच्या आईचा फोटो, तिचं डॉक्टरीचं प्रमाणपत्र आणि तुम्ही, एवढेच राहत होता. स्टेशनातली घोषणा तीन भाषांत ऐकू यायची. तुम्हाला बाकी काही ऐकू येत नसे, पण उत्तरेकडून येणाऱ्या गाडीचं नाव बरोबर ऐकू यायचं.

त्याच संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात आपण तो कॅटलॉग उघडून बसलो. तुम्ही स्टोव्हवर भाकरी टाकत होता, अंबाडीची भाजी झाकून ठेवली होती, आणि मी फरशीवर पाय पसरून वाचून दाखवत होतो. आखूड पट्टा एकशे एकवीस इंच, मधला एकशे छत्तीस, लांब एकशे छप्पन्न. तुम्ही भाकरी तव्यावर ठेवून उठलात, कपडे वाळत घालायची दोरी काढलीत, तिच्यावर गजानं माप घेतलंत, आणि खोलीत मावेना म्हणून दार उघडून गल्लीत गेलात. दोरीचं एक टोक मला धरायला लावलंत. "तेरा फूट?" तुम्ही म्हणालात, "ही गाडी आहे का आगगाडी? पहाडातल्या वळणावर ही वळणार कशी? पोरगी दरीत जाईल माझी. आखूडच घ्या." शेजारची बाई ओट्यावरून बघत होती, तिनं विचारलं, क्या नाप रे मास्टरजी? तुम्ही गंभीरपणे म्हणालात, हिमालय.

मला हसू आवरलं नाही. म्हणालो, गुरुजी, हे माप पट्टा पुरा उलगडल्याचं आहे. गिरणीचा पट्टा आपण कसा मापतो? पूर्ण फेऱ्याचा. तसंच हे. यातला निम्म्याहून कमी भाग जमिनीला टेकतो, बाकीचा वरून फिरून येत असतो. आखूड आणि लांब यांत जमिनीवर फरक पडतो तो हातभराचा. तुम्ही दोरी गुंडाळत आत आलात. भाकरी जळाली होती. चूक झाली याचं तुम्हाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. हाताशी आलेलं कारण गेलं, याचं वाटलं. तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं, मी आपला उत्साहानं पुढे वाचत होतो. लांब पट्टा वजन पसरून घेतो म्हणून ताज्या बर्फात बुडत नाही आणि चढ चढतो. आखूड पट्टा चटकन वळतो, हलका असतो, घट्ट वाटेवर मजेत धावतो, पण भुसभुशीत जागी मागून रुतत जातो आणि तोंड वर करून बसतो. तुम्ही तेवढंच धरलंत. आखूड हलका आहे ना? इतक्या उंचीवर इंजिनाचा दम कमी पडतो असं तूच वाचलंस ना? मग जड पट्टा कशाला त्याच्या गळ्यात? वळायला सोपा आहे ना? प्रत्येक मुद्दा खरा होता. वर्गात रसग्रहण शिकवताना तुम्ही जसे एकेक करून मुद्दे मांडायचात, तसेच मांडलेत. मी म्हणालो, पण वरची गावं? तुम्ही जळकी भाकरी माझ्या ताटात वाढलीत, चांगली स्वतःकडे ठेवलीत, तसं तुम्ही कधीच करत नसा, आणि म्हणालात, "तिला खाली बाजारापर्यंत यायला आखूड पुरतो."

तेव्हा मला कळलं. वर दरड कोसळते, बर्फाचे कडे सुटतात, हे तिनंच कधीतरी सांगितलं होतं. आखूड पट्ट्याची गाडी ओढ्याच्या वर जाऊच शकणार नव्हती. एक हिवाळा जाईल, दुसरा जाईल, वर जाता येत नाही म्हणून ती थकेल, आणि एक दिवस उत्तरेकडच्या गाडीनं काचीगुड्याला उतरेल. तुम्ही भाजी वाढलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात आलात. शेठनं चहा मागवला, दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "बीच का लिख दो मास्टर. दोनों की इज्जत रह जाती." तुम्ही म्हणालात, मधला पट्टा कुणासाठी असतो, शेठजी? ज्याला कुठे जायचंय ते ठरवता येत नाही त्याच्यासाठी. शेठ म्हणाला, "हौ तो, हमारे लियेच है फिर." सगळे हसले, तुम्हीही. मग तुम्ही म्हणालात, कागदावर बघून मी काही मानणार नाही, मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. हैदराबादेत बर्फ कुठून दाखवायचा? शेठलाच सुचलं. वरंगलच्या रस्त्याला त्याच्या एका गिऱ्हाइकाची भाताची गिरणी होती, मागे तुसांचा ढीग, ढीग कसला, टेकडीच. हलकं, कोरडं, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. तिकडे लोक त्याला ऊक म्हणतात. शेठ म्हणाला, यां का बरफ वोइच समझो.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आठवणं हे तुमच्या बाजूला अजून चालत असेल तर. आपण शेठच्या ऑटो-ट्रॉलीत मागे बसून गेलो, तुम्ही धोतर सावरत, छत्री मांडीवर. मी सुताराकडून दोन फळ्या करून घेतल्या होत्या. एक आखूड पट्ट्याचा जमिनीला टेकणारा भाग केवढा, तेवढी. दुसरी लांबाच्या मापाची. खाली जुना पट्टा खिळ्यांनी ठोकला, त्यावर दात म्हणून लाकडाच्या आडव्या चिपा. ही काही गाडी नव्हती, फळी फिरत नाही, पट्टा फिरतो, आणि तुसं बर्फासारखी दबून घट्ट होत नाहीत, हे मला त्याही वेळी कळत होतं. पण रुतणं आणि तरंगणं दिसलं असतं. गिरणीचा मालक बाहेर येऊन बघत उभा राहिला. त्यानं शेठला तेलुगूत काहीतरी विचारलं आणि शेठनं कपाळाला हात लावून उत्तर दिलं, ते ऐकून सगळे मजूर कामं सोडून मागे आले.

आधी आखूड फळीवर तांदळाचं पोतं ठेवलं, दोरी बांधली, दोघांनी ओढली. सपाटीवर मजेत आली. चढाला लागली तशी मागून खाली गेली, तोंड वर झालं, आणि पोतं घसरून तुसांत बुडालं. तुम्ही म्हणालात, पोतं नीट ठेवलं नव्हतं. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. तुम्ही म्हणालात, पोत्याला तोल सांभाळता येत नाही, माणसाला येतो, मी बसतो. मी नको म्हणालो, शेठ नक्को नक्को म्हणाला, मालक म्हणाला सार, आप बैठो मत. तुम्ही छत्री माझ्याकडे दिलीत आणि बसलात. मजूर हसत होते, पण ओढताना जपून ओढत होते. निम्म्या चढावर फळी मागून आत गेली आणि तुम्ही कमरेपर्यंत तुसांत. दोघांनी काखेत हात घालून तुम्हाला उभं केलं. केसांत, भुवयांवर, उपरण्यावर सगळीकडे तुसं. मी झटकायला लागलो तर तुम्ही माझा हात बाजूला केलात.

"खाली यायला पुरेल," तुम्ही पुन्हा म्हणालात. आवाज बारीक झाला होता.

"खाली यायला पुरेल, गुरुजी. वर जायला पुरणार नाही."

"वर कशाला जायचंय तिला?"

सगळे बघत होते, आणि कुणाला मराठी येत नव्हतं, एका शेठला थोडंसं. मी म्हणालो, "तुम्हीच सांगितलं होतं. ओळ किती लांब ते हौसेवर ठरत नाही. वाहून काय न्यायचंय त्यावर ठरतं."

तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत तसं वर्गात कधी पाहिलं नव्हतं. म्हणालात, "कवितेत कुणी गाडलं जात नाही रे."

मी छत्री धरून उभा राहिलो. तुम्ही लांब फळीकडे गेलात आणि तिच्यावर बसलात. मजुरांनी दोरी खांद्यावर घेतली. फळी कुरकुरली, पुढून जराशी खाली गेली आणि वर आली, आणि मग अशी सरकत गेली की मागे नुसता एक उथळ पन्हळ उरला. चढ आला तरी तशीच. मजूर स्वतः गुडघाभर रुतत होते आणि तुम्ही त्यांच्या मागे तरंगत वर चालला होता, धोतर, उपरणं आणि टक्कल, मांडीवर दोन्ही हात ठेवून. माथ्यावर पोहोचल्यावर ते थांबले. तुम्ही उतरला नाहीत. तिथून काय दिसत असेल ते मला माहीत आहे, मी नंतर चढून बघितलं होतं. भातखाचरं, विजेच्या तारा, आणि गिरणीच्या धुराड्याची सावली. तुम्ही मात्र उत्तरेला तोंड करून बसला होता. शेठ माझ्या कानाशी म्हणाला, "बडे मास्टर रो रहे क्या?" मी म्हणालो, तूस गेलं असेल डोळ्यांत. खाली आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "लांबच कळव. आणि तिला सांग, वळणावर वेग कमी कर. लांब ओळ वळताना थांबावं लागतं."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गाडी वर पोहोचली, पहिल्याच बर्फात ती ओढ्याच्या वर गेली, आणि मागे बांधलेल्या घसरगाडीवर एका म्हाताऱ्याला निजवून आणलं. म्हातारा वाचला. वळणं अवघड जातात, दोनदा गाडी हातानं उचलून फिरवावी लागली, पण बुडत नाही बाबा, अजिबात बुडत नाही, असं ती बूथमधल्या फोनवर ओरडून सांगत होती आणि तुम्ही फोन कानापासून लांब धरला होता म्हणजे मलाही ऐकू यावं. त्या दिवशी तुम्ही गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर थांबलात. मग हिवाळ्यामागून हिवाळे गेले. सकाळी पेपर आला की तुम्ही आधी उत्तरेकडचं हवामान बघायचात. ती उन्हाळ्यात यायची, पंधरा-वीस दिवस राहायची, तुमचा चष्मा बदलून द्यायची, आणि जायची. खाली कधी येतेस, हे तुम्ही विचारायचं सोडून दिलंत. मला ते जास्त जड गेलं.

तुम्ही गेलात तेही ऐन हिवाळ्यात. घाट बंद, तारा तुटलेल्या, फोन लागेना. निरोप पोलिसांच्या बिनतारीवरून तिकडच्या चौकीवर ठेवला, तो तिला मिळेपर्यंत तुमचे दिवस होऊन गेले होते. त्या आठवड्यात ती ओढ्याच्या वरच होती, एका गावात तापाची साथ होती. अग्नी मी दिला. माझ्याच हातून व्हावं असं तुम्ही एकदा बोलला होतात, चेष्टेत, पण मी ते लक्षात ठेवलं होतं. उन्हाळ्यात ती आली तेव्हा दोन खोल्यांना कुलूप होतं. तिनं उंबऱ्यात बसून विचारलं, बाबा माझ्यावर रागावले होते का? मी म्हणालो, छे. ते खरं होतं.

पण परवाचं तसं नाही. परवा ती म्हणाली, दादा, इथल्या तरुण डॉक्टरांना मी नेहमी सांगते, माझ्या वडिलांनी बर्फ कधी पाहिला नव्हता, तुसांच्या ढिगावर बसून त्यांनी पट्टा निवडला. इतक्या हिवाळ्यांत कंटाळा आला, भीती वाटली, की मी तेच आठवायचे, की बाबांनी मला लांब पाठवलं. मग विचारलं, "खरं सांग हं, बाबांच्या मनात पहिल्यापासून लांबच होता ना?" मी म्हणालो, "पहिल्यापासून." ती हसली. म्हणाली, मला माहीतच होतं.

गुरुजी, मी तिला खरं सांगायला हवं होतं का? तुझा बाप तुला परत बोलवायला बघत होता, हेही काही वाईट नाही ऐकायला. कदाचित तेच ऐकायला तिला हवं असेल, उन्हात खुर्ची टाकून बसल्यावर. पण पासष्टीनंतर ती ते घेऊन कुठे जाणार? काचीगुड्याला आता तुमच्या दोन खोल्या नाहीत. तिथे खाली औषधाचं दुकान आणि वर भाड्याची बिऱ्हाडं आहेत. उतरायला स्टेशन आहे, जायला घर नाही. म्हणून मी तुमच्या वतीनं बोललो, आणि तुम्हाला न विचारता बोललो.

हे टपालात टाकायचं नाही. टाकलं तर जुन्या पत्त्यावरून परत येईल आणि सुनेच्या हाती पडेल, ती विचारेल, पप्पा, हे कुणाचं? तेव्हा लिहून झालं की फाडीन. पण फाडायच्या आधी एक सांगतो, कारण परवापासून तुमच्याबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त विचार करतोय. मलाही आखूडच हवा होता. तेव्हाच मी थकलो होतो, गुरुजी. दुकान, माझी मुलं, आणि दर रविवारचा बूथ, तुमचा कोठीतला डॉक्टर, तुमचे डोळ्यांचे थेंब, ऐकू न येणाऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलणं. ती आली असती तर मी सुटलो असतो. गिरणीच्या त्या ढिगापाशी तुमचीच शिकवण मी तोंडानं तुम्हाला ऐकवत होतो, आणि आत एकच म्हणत होतो, गुरुजी, माझं ऐकू नका.